फ्राउएनकिर्ख, म्युनिक

फ्राउएनकिर्ख : जर्मनीतील म्युनिक शहराचे कॅथीड्रल. मरियेला अर्पण केलेल्या या गॉथिक वास्तूची कोनशिला 1468 मध्ये बसविण्यात आली आणि योर्ग फॉन हाल्सबाख या स्थपतीने अवघ्या वीस वर्षांत, म्हणजे 1488 पर्यंत, तिचे बांधकाम बहुतांशी पूर्ण केले. त्याच वर्षी तो मरण पावला. बांधकाम मुख्यतः विटांचे असून सुमारे 99 मीटर उंचीच्या जुळ्या मनोऱ्यांवरील कांद्याच्या आकाराचे घुमट मात्र 1525 मध्ये चढविले गेले. 1821 पासून ही वास्तू म्युनिक व फ्रायझिंग महाधर्मप्रांताचे मुख्य चर्च आहे.

पर्यटक येथे येतात ते प्रामुख्याने मनोऱ्यांखालच्या प्रवेशभागातील एका फरशीसाठी. त्या फरशीवर बुटाचा एक काळपट ठसा असून त्याच्या टाचेपाशी लहानसे टोक दिसते. स्थानिक आख्यायिकेनुसार, चर्चला एकही खिडकी नसावी या अटीवर सैतानाने स्थपतीला बांधकामात मदत केली. काम झाल्यावर तो पाहणीस आला, या जागी उभा राहिला आणि खिडकी कोठेच दिसेना म्हणून खूश होऊन त्याने जोरात पाय आपटला. पण आणखी एक पाऊल पुढे टाकताच दोन्ही बाजूंच्या उंच खिडक्या त्याच्या नजरेस पडल्या, तेव्हा फसगत झाल्याचे ओळखून तो संतापाने निघून गेला. चर्चभोवती सतत वाहणारा वारा हा त्याचाच, असेही सांगितले जाते.

कथेतील दृष्टिभ्रम खरा आहे. आतील अष्टकोनी खांबांच्या दोन रांगा अशा उभ्या आहेत, की ठशावरून पाहिले असता बाजूच्या खिडक्या त्यांच्याआड जातात आणि प्रकाश भरपूर असूनही तो कोठून येतो ते कळत नाही. मात्र आज तेथे उभे राहणाऱ्यास समोर, वेदीमागे, पूर्वेची खिडकी स्पष्ट दिसते आणि सैतानाला ती कशी दिसली नाही, हा प्रश्न उरतो. 1620 च्या सुमारास उभारलेल्या भव्य बरोक वेदीने ती झाकली होती. एकोणिसाव्या शतकात ती वेदी हटविण्यात आली. त्यामुळे आख्यायिकेचे प्रचलित रूप स्थपतीच्या काळाचे नसून वेदी उभारल्यानंतरचे असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते.

दुसरी, कमी प्रसिद्ध कथा छताच्या सुतारकामाची आहे. मुख्य सुताराने एक तुळई मुद्दाम बाजूला ठेवली आणि ती कोठे बसायला हवी होती हे कोणीही ओळखून दाखवावे, असे आव्हान दिले. ते कोणालाच जमले नाही, असे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत छत कोसळल्याने आता त्या आव्हानाची परीक्षा घेण्याची सोय राहिलेली नाही. युद्धोत्तर पुनर्बांधणीचा अखेरचा टप्पा 1994 मध्ये पूर्ण झाला.