माचेक यांचं ब्रेडा
नेदरलँड्सच्या दक्षिणेतल्या ब्रेडा शहरात दरवर्षी ऑक्टोबरअखेरीस पोलिश सैनिकांना मानवंदना दिली जाते. एका डच शहराने पोलंडच्या सैनिकांना इतकं जवळचं का मानावं, हे समजायला १९४४ सालापासून सुरुवात करावी लागते.

जनरल स्तानिस्वाव माचेक यांची पहिली पोलिश चिलखती डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची मोठी तुकडी, स्कॉटलंडमध्ये उभी राहिली. फ्रान्सच्या नॉर्मंडीत फालेजजवळ जर्मनांची परतीची वाट अडवून आणि पुढे बेल्जियम पार करून ती ब्रेडाच्या वेशीवर आली. तोफांचा भडिमार करून शहरात घुसता आलं असतं. माचेक यांनी ते टाळलं. पूर्वेकडून वळसा घालत त्यांनी जर्मनांना माघार घ्यायला लावली आणि २९ ऑक्टोबर १९४४ रोजी ब्रेडा मुक्त झालं. जुनं शहर जवळपास जसंच्या तसं वाचलं. दुकानांच्या काचांवर पोलिश भाषेत आभाराचे फलक झळकले, आणि माचेक शहराचे मानद नागरिक झाले.

पण हे सैनिक ज्या देशासाठी लढत होते, तो त्यांना परत मिळाला नाही. १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांच्या नेत्यांची याल्टा परिषद झाली, त्यानंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहिला. माचेक यांचं ल्वुफजवळचं (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह) जन्मगावही त्यातच गेलं. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासितांपैकी अनेकांची घरंही याच भागातली, त्यामुळे परतायचं कुठे हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. १९४६ मध्ये वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारने माचेक यांचं नागरिकत्व काढून घेतलं. ब्रिटनने त्यांना सेनानीला साजेसं निवृत्तिवेतन दिलं नाही. मित्रराष्ट्रांच्या बाजूने चिलखती डिव्हिजन लढवलेला हा माणूस एडिनबरामध्ये हॉटेलच्या बारमागे उभा राहून ग्राहकांना पेयं देत होता. विजेत्यांच्या या कृतघ्नतेला क्षमा नाही, असं मला वाटतं.

म्हणूनच ब्रेडाने दिलेल्या मानाचं मोल वेगळं आहे. माचेक यांचे अनेक सैनिक याच शहरात राहिले, इथल्या मुलींशी लग्नं करून इथलेच झाले. त्यांनी शहराला भेट दिलेला जर्मन पँथर रणगाडा आजही विल्हेल्मिना पार्कमध्ये आहे.

पोलंडने माचेक यांना नागरिकत्व परत दिलं ते १९७१ मध्ये, आणि ‘ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगल’ हा सर्वोच्च सन्मान थेट १९९४ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वयाच्या १०२व्या वर्षी ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना ब्रेडाच्या पोलिश लष्करी दफनभूमीत, आपल्या सैनिकांशेजारी पुरण्यात आलं. २०२० मध्ये याच दफनभूमीलगत त्यांच्या नावाचं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं.