व्हायवाच्या टेबलासमोर उत्तर जातं कुठे?

सेमिस्टर संपत आलं की पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबच्या दाराशी व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, रोल नंबरप्रमाणे रांग लागलेली दिसते. हातात सही झालेलं जर्नल आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) काय विचारतायत?" मग आपला नंबर येतो. कालच वाचलेली व्याख्या विचारली जाते आणि डोकं एकदम कोरं होतं. बाहेर येऊन जिना उतरेपर्यंत तीच व्याख्या शब्दन् शब्द आठवते. घरी सांगितलं तर "नीट अभ्यास केला असतास तर आठवलं असतं" हे ठरलेलं. पण अनेकदा अभ्यास झालेला असतो. अडतं ते आठवण्यापाशी, आणि त्यामागे शरीरातली एक ठरावीक रासायनिक घडामोड असते.

धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रेनल ग्रंथी काही सेकंदांत ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. त्याच वेळी दुसरी, संथ साखळी सुरू होते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, ती ॲड्रेनलला देते आणि रक्तात कॉर्टिसोल वाढू लागतं. ते शिगेला पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ रांगेत उभं राहण्याइतका वेळ! कॉर्टिसोल मुळात उपयोगाचंच आहे. ते साखर रक्तात आणतं, शरीराला कामाला लावतं. मात्र आठवणी साठवणाऱ्या आणि शोधून काढणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागावरही त्याचा जोरदार परिणाम होतो.

झुरिकच्या संशोधकांनी 2000 साली हा परिणाम नेमका पकडला. त्यांनी लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी आठवायला सांगितली. काहींना शरीरात गेल्यावर कॉर्टिसोल बनणारी गोळी पाठांतराच्या वेळी दिली होती, तर काहींना आठवायच्या तासभर आधी. पाठांतराच्या वेळी गोळी घेतलेल्यांचं काहीच बिघडलं नाही. आठवायच्या आधी घेतलेल्यांना मात्र कमी शब्द आठवले. शब्द डोक्यात होतेच, ते ऐन वेळी हाताला लागले नाहीत.

आणि तोंडी परीक्षेतच हे जास्त का होतं? 2004 मध्ये 208 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात दिसलं की कोणीतरी समोर बसून आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, अशा दुहेरी परिस्थितीत कॉर्टिसोल सर्वांत जास्त वाढतं आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ घेतं. व्हायवाचं वर्णन याहून वेगळं काय करणार? म्हणूनच "टेन्शन घेऊ नकोस" या सल्ल्याचा मला राग येतो. कॉर्टिसोल सांगून थांबत नाही.

मग करायचं काय? सदाशिव पेठेतल्या, नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रात्री डोकावलं तर बहुतेक टेबलांवर एकच पद्धत दिसेल. त्याच नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या जातायत, पिवळ्या हायलायटरवर आता हिरवा चढलाय. पान ओळखीचं झालं की विषय आला असं वाटतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 2016 मधल्या प्रयोगात 120 जण होते. निम्म्यांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, निम्म्यांनी ती न पाहता आठवून काढली. दुसऱ्या दिवशी काहींना परीक्षकांसमोर, कॅमेऱ्यापुढे भाषण द्यायला आणि गणितं सोडवायला लावून ताण आणला. या ताणाखालीही आठवून सराव केलेल्यांना प्रत्येकी तीस शब्द-चित्रांतले सरासरी 11 आठवले, नुसतं पाहिलेल्यांना 7. नुसतं पाहणाऱ्यांना ताणाने मागे ओढलं, आठवून सराव केलेल्यांचं त्याने काही बिघडवलं नाही.

पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, याचा उपयोग असा करता येतो: एक टॉपिक वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा आणि मगच वही उघडून काय राहिलं ते पाहा. सुरुवातीला फार थोडं आठवतं आणि वाईट वाटतं. तरी चालू ठेवा, कारण या चाचपडण्यानेच आठवण पक्की होते. रूम पार्टनरला एक्स्टर्नल करून मोठ्याने उत्तरं देणं तर त्याहून चांगलं.

रांगेत उभं असताना श्वास सावकाश, मिनिटाला सहाच्या आसपास आणि सोडताना जास्त लांबवला, तर व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. कॉर्टिसोल त्याने लगेच जात नाही, पण धडधड आटोक्यात येते. जागरणाचं गणितही बघा. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराच्या कॉफीतलं निम्मं पहाटे चारलाही रक्तात असतं. वाचलेलं पक्कं होतं झोपेत, आणि आपण नेमकी तीच कापतो.

चार महिने सतत बॅकलॉगची (राहिलेल्या विषयांची), ईयर डाऊनची (वर्ष वाया जाण्याची) टांगती तलवार असेल तर गोष्ट वेगळी होते. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी करणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांचे मेंदू 2009 च्या एका अभ्यासात तपासले. एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवणं त्यांना जड जात होतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाची जोडणीही सैल झाली होती. परीक्षा संपल्यावर महिन्याभराच्या मोकळिकीत दोन्ही पूर्ववत झालं. म्हणून सेमिस्टर संपल्या संपल्या लगेच पुढचा क्लास लावू नका. वेताळ टेकडीवर जा, गावी जा, झोपा.

कॉलेजांनीही त्यांचा वाटा उचलायला हवा. व्हायवाची तारीख आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकायची आणि मग ऑडिटोरियममध्ये स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेमिनार भरवायचं, याला अर्थ नाही. वेळापत्रक पंधरा दिवस आधी द्या, विद्यार्थ्यांच्या डोक्यावरची अनिश्चितता तिथेच कमी होईल.

झोप, भूक, मित्र, सगळंच दोन आठवडे तुटलं असेल तर वही मिटून भागणार नाही. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. रूममधलं कोणी जगण्यात अर्थ नाही असं म्हणालं, तर ते मनावर घ्या. त्याला एकटं सोडू नका, शेजारी बसून तुम्हीच फोन लावून द्या.