पिंपातला थर: क्षार की बुळबुळ?

रविवारी मोरीतलं पिंप रिकामं केलं. आईने आत हात फिरवला आणि म्हणाली, "क्षार धरलेत बघ, लिंबू आण." पण तिची बोटं घसरत होती. क्षार घसरत नाहीत, खरखरतात.

क्षार म्हणजे निव्वळ दगड. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम पाणी तापलं किंवा सुकलं की कार्बोनेट होऊन चिकटतं. गीझरची कॉइल, नळाचं तोंड, शॉवरची भोकं पांढरी होतात ती यामुळे. नखाने खरवडलं तर भुगा पडतो, लिंबू पिळलं तर बुडबुडे येतात. ब्लीचिंग पावडरीने त्याचं काही बिघडत नाही.

बुळबुळ मात्र जिवंत असते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा, वैतरणा, तानसा धरणांचं पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन आपल्या नळाला येतं. पिंपात साठवलं की क्लोरीन हळूहळू उडून जातो. उरलेसुरले जीवाणू भिंतीला टेकतात आणि स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि चक्क जीवाणूंचा डीएनएही असतो. हीच बायोफिल्म. सकाळी दातांवर जिभेला लागतो तो थरही त्याच जातीचा.

आपण बहुतेक जण इथेच चुकतो. पिंपात थेट ब्लीचिंग पावडर टाकून मोकळे होतो. क्लोरीन वरच्या डिंकाशी झटापट करण्यातच खर्ची पडतो आणि तळाचे जीवाणू शाबूत राहतात. मेलेल्यांचा थर तसाच राहिला तर पुढच्यांना आयता निवारा आणि खाऊ मिळतो. मारणं वेगळं, काढणं वेगळं. म्हणून आधी साबण आणि घासणीने कडा, तळ, तोटीचा सांधा रगडायचा, पाणी ओतून द्यायचं आणि मगच क्लोरीन.

आता आईच्या लिंबाबद्दल, कारण ती पूर्ण चुकलेली नाही. अनेक बायोफिल्ममध्ये तो डिंक कॅल्शियमने बांधलेला असतो. लिंबातलं सायट्रिक अ‍ॅसिड किंवा ईडीटीए नावाचं रसायन ते कॅल्शियम पकडून ठेवतं, वीण सैल होते आणि घासणं सोपं जातं. डीएनए आणि साखरेच्या साखळ्या कापणाऱ्या विकरांवर (एन्झाइम्सवर) संशोधक काम करतात, तेही याच वाटेने. मात्र लिंबाची एक फोड अख्ख्या पिंपाला पुरत नाही आणि घासणं काही टळत नाही. शिवाय शॉवरसारख्या ठिकाणी दोन्ही थर एकत्र असतात. क्षारांच्या खडबडीत खाचांत बुळबुळ दडते, तिथे आधी क्षारच काढावे लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते: आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मोऱ्यांना खिडकी असली तरी वीतभर. लिंबाचं पाणी पूर्ण धुऊन काढलं, की मगच ब्लीच.

आमचं पिंप सध्या गॅलरीत उन्हात उपडं आहे. कोरडं झालं की भरू.