दीर्घ आजार, बाळंतपण आणि पुढचा गर्भ

बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली की मगच दिवस राहू शकतात, असा समज फार खोलवर रुजलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. पाळी ही अंडोत्सर्जनानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. म्हणजेच पहिली पाळी दिसण्याआधी स्त्रीबीज एकदा बाहेर पडून गेलेले असू शकते, आणि त्याच वेळी गर्भधारणा झाली तर ती पाळी येतच नाही. बाळाला अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीमध्ये हे पहिले अंडोत्सर्जन बाळंतपणानंतर अगदी २५ व्या दिवशीही झाल्याचे आढळले आहे, आणि शुक्रजंतू गर्भाशयात व नलिकांमध्ये सुमारे ५ दिवस जिवंत राहतात. त्यामुळे अंगावर पाजत नसल्यास २१ व्या दिवसापासून गर्भनिरोधक हवे, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. मधुमेह, अपस्मार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार घेऊन आई झालेल्या स्त्रीसाठी हे तीन आठवडे फार लवकर संपतात. त्या काळात तिची औषधे बदलली जात असतात, तपासण्या चालू असतात, बाळाचा आणि आजाराचा असे दोन दिनक्रम ती एकाच वेळी सांभाळत असते.

स्तनपानामुळे मिळणारे संरक्षण खरे आहे, पण त्याला अटी आहेत. बाळ चोखते तेव्हा मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून बीजांडकोशांपर्यंत जाणारे संप्रेरकांचे संकेत मंदावतात आणि स्त्रीबीज पिकत नाही. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या निरीक्षणाला नेमके रूप मिळाले: बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान असेल, पाळी परत आलेली नसेल आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर पीत असेल, तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. यातील एक अट तुटली तरी हा आकडा लागू राहत नाही. दीर्घ आजारात नेमकी तिसरी अट सहज तुटते. आई आठवडाभर रुग्णालयात राहिली, एखादे औषध सुरू केल्यामुळे काही दिवस दूध पाजणे थांबवावे लागले, थकव्यामुळे रात्रीचे पाजणे बाटलीवर गेले, की संकेतांवरचा तो लगाम सैल होतो. दोन पाजण्यांतील अंतर दिवसा ४ आणि रात्री ६ तासांपेक्षा वाढू नये, असे म्हणतात ते याच कारणासाठी. आजारी आईने रात्री झोप घेतली तर त्यात तिचा काही दोष नाही. मात्र त्या झोपेबरोबर स्तनपानाच्या भरवशावर राहण्याचे दिवस संपले, हे तिला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.

दुसरा समज असा की आजारच इतका मोठा आहे की पुन्हा दिवस राहणारच नाहीत. काही आजारांत प्रजननक्षमता खरोखर कमी होते. डायलिसिसवर असलेल्या स्त्रियांची पाळी बहुधा अनियमित होते, थायरॉइड मंदावला तर अंडोत्सर्जन चुकते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फमाइडसारखे औषध बीजांडकोशांतील स्त्रीबीजांचा साठा कायमचा घटवू शकते. परंतु कमी होणे म्हणजे संपणे नव्हे, शिवाय उपचारांनी हे चित्र पालटते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले की अंडोत्सर्जन एक-दोन महिन्यांतच परत येऊ शकते; थायरॉइडच्या गोळीने पातळी सुधारली की पाळीही सुधारते. ल्युपस किंवा अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची गर्भधारणेची क्षमता तर जवळजवळ इतरांसारखीच असते. वर्षानुवर्षे अनियमित राहिलेल्या पाळीवरून आपल्याला मूल होणार नाही असा निष्कर्ष काढणारी स्त्री जेव्हा अचानक गरोदर राहते, तेव्हा ती बेसावध असते आणि तिची औषधेही गर्भाच्या दृष्टीने बेसावधच असतात.

पुढचे मूल हवे असेल तर ते कधी, हा प्रश्न यातूनच येतो. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न किमान २४ महिन्यांनी करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांसाठी आहे. आजारी आईच्या बाबतीत या कॅलेंडरवर आजाराचे स्वतःचे कॅलेंडर येऊन बसते. गरोदरपणात प्रतिकारशक्तीचा रोख बदलतो आणि बाळंतपणानंतर तो पूर्ववत होताना काही आजार उसळी घेतात. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूला इजा करणारा आजार) असलेल्या स्त्रियांवर युरोपातील १२ देशांत झालेला, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो: गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आजाराचे झटके कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढले. आमवाताच्या बाबतीतही बाळंतपणानंतर सांधे पुन्हा सुजणे नेहमीचे आहे. ल्युपसमध्ये आजार किमान सहा महिने शांत असावा, मग गर्भाचा विचार करावा, असे सांगतात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर साधारण वर्षभर थांबायला सांगतात. मधुमेहात निकष साखरेचा असतो. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत ते काम जवळजवळ आटोपलेले असते. म्हणूनच तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, एचबीएवनसी, शक्य असल्यास ६.५ टक्क्यांच्या खाली आल्यावर गर्भधारणा व्हावी आणि ती १० टक्क्यांच्या वर असताना टाळावी, असा सल्ला दिला जातो. फॉलिक अॅसिडही किमान महिनाभर आधी सुरू करायचे असते, आणि मधुमेहात डॉक्टर बहुधा नेहमीपेक्षा मोठी मात्रा सुचवतात.

इथे एक गोष्ट सावकाश समजावून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यावरून फार गैरसमज होतात. बाळंतपणानंतर आईला काही औषधे पुन्हा सुरू करता येतात, कारण ती दुधात फारच थोडी उतरतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, रक्तदाबासाठीचे एनलाप्रिल आणि अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट ही त्यांतली उदाहरणे. ‘पाजताना चालेल’ असे ऐकलेली आई साहजिकच समजते की हे औषध बाळांना निर्धोक आहे. प्रत्यक्षात हीच तीन औषधे गर्भाला अपाय करणारी आहेत. दुधातून बाळाच्या पोटात जाणारा अंश किरकोळ असतो आणि बाळाचे अवयव तयार झालेले असतात. वारेतून मात्र औषध थेट गर्भाच्या रक्तात जाते आणि तेही अवयव घडत असताना. व्हॅल्प्रोएट घेत असताना राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे १० टक्के बाळांत मोठे जन्मजात दोष आढळतात, आणि ३० ते ४० टक्के मुलांत बौद्धिक वाढीच्या अडचणी दिसतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तर गर्भधारणेच्या कितीतरी आठवडे आधी थांबवावी लागतात. अशी औषधे घेत असताना खात्रीचे गर्भनिरोधक हा उपचाराचाच भाग असतो. उलट भीतीपोटी सगळीच औषधे आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक आहे. ल्युपसमधील हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गरोदरपणातही चालू ठेवायचे असते, आणि अपस्माराची गोळी अचानक थांबवल्याने येणारी फिट आई आणि गर्भ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

साधन निवडताना बहुतेक जोडपी एकच प्रश्न विचारतात: याचे दुष्परिणाम काय? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. दीर्घ आजारात गर्भनिरोधकाची जोखीम नको असताना राहणाऱ्या गर्भाच्या जोखमीशी ताडून पाहायची असते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला असेल किंवा बाळंतपणाच्या सुमारास दुबळे झालेले हृदय अजून सावरलेले नसेल, तर गर्भधारणा आईच्या प्राणावर बेतू शकते. तिच्यापुढे त्वचेखाली बसवायच्या, संप्रेरक सोडणाऱ्या गर्भनिरोधक काडीमुळे होणाऱ्या अनियमित रक्तस्रावाचे वजन फारच कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ पासून प्रसिद्ध केलेले निकष याच विचारावर उभे आहेत. प्रत्येक आजार आणि प्रत्येक साधन यांच्या जोडीला त्यात १ ते ४ असा दर्जा दिलेला असतो: १ म्हणजे कोणतीही आडकाठी नाही आणि ४ म्हणजे वापरूच नये.

या तक्त्यात ४ हा आकडा सर्वांत जास्त वेळा इस्ट्रोजेन असलेल्या साधनांपुढे दिसतो, म्हणजे संयुक्त गोळी, योनीत ठेवायची कडी आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी यांच्यापुढे. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गाने आईचे रक्त आधीच अधिक गोठणारे केलेले असते, आणि पायांत किंवा फुप्फुसांत गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून निरोगी स्त्रीनेही पहिले ३ आठवडे ही गोळी घ्यायची नसते. गुठळीचा धोका वाढवणारे दुसरे काही कारण असेल तर ६ आठवडे थांबायचे असते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ती सहसा ६ महिन्यांपर्यंत टाळायची असते. पूर्वी गुठळी होऊन गेलेली स्त्री, ल्युपसबरोबर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्तात गुठळ्या घडवू शकणारी) असलेली स्त्री, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसणारी अर्धशिशी असलेली स्त्री, रक्तदाब फार वाढलेली स्त्री आणि मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड किंवा मज्जातंतू बाधित झालेली स्त्री, यांच्यासाठी इस्ट्रोजेनचा विचार बाळंतपणाला कितीही महिने झाले तरी करू नये किंवा क्वचितच करावा.

गोळीचे आणि आजाराच्या औषधांचे आपसांतले नाते हा आणखी एक विषय आहे, आणि तो तपासायचा राहून जातो असे मला वाटते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल ही अपस्मारावरची औषधे आणि क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना इतके चेतवतात की गर्भनिरोधक संप्रेरके रक्तातून लवकर नाहीशी होतात. गोळी रोज न चुकता घेतली तरी दिवस राहतात, आणि त्वचेखालची काडीही या औषधांपुढे भरवशाची राहत नाही. तांबी, संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन आणि तीन महिन्यांचे इंजेक्शन यांना मात्र ही बाधा पोहोचत नाही. उलट दिशेनेही हा खेळ चालतो: इस्ट्रोजेनमुळे अपस्मारावरच्या लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी सुमारे निम्म्यावर येऊ शकते, आणि वर्षभर फिट न आलेल्या स्त्रीला गोळी सुरू केल्यावर फिट येते. बाळंतपणानंतर हेच औषध एरवीही लक्ष मागत असते, कारण गरोदरपणात उतरलेली त्याची पातळी प्रसूतीनंतर काही दिवसांत चढते आणि वाढवलेली मात्रा वेळेवर कमी करावी लागते.

रोजच्या आठवणीवर अवलंबून असलेली साधने तान्ह्या बाळाच्या घरात कमी पडतात, आणि आकडेही तेच सांगतात. प्रत्यक्ष वापरात १०० स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली तर सुमारे ७ जणींना दिवस राहतात. केवळ कंडोमवर विसंबल्यास सुमारे १३ जणींना. तांबी आणि संप्रेरक सोडणारे साधन यांत हा आकडा १ पेक्षाही कमी आहे, आणि दंडाच्या त्वचेखालच्या काडीत तर हजारात १. तांबी १० वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ काम करते आणि तिच्यात संप्रेरक नसल्याने स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीलाही चालते. तिचा त्रास म्हणजे पाळीचा रक्तस्राव वाढणे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या किंवा रक्तक्षय असलेल्या आईला म्हणून संप्रेरक सोडणारे साधन अधिक सोयीचे पडते, कारण त्याने रक्तस्राव घटतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना गर्भाशयात साधन बसवले तर जंतुसंसर्ग होईलच, ही भीती उपलब्ध पुराव्यांतून खरी ठरलेली नाही. हृदयविकाराच्या काही गंभीर प्रकारांत मात्र साधन बसवतानाच नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून ते काम सुसज्ज रुग्णालयात व्हावे लागते.

तीन महिन्यांचे इंजेक्शन सोपे आहे आणि सिकल सेल आजारात त्याने वेदनेचे झटके कमी होतात असेही दिसले आहे. त्याची दुसरी बाजू हाडांची: त्याने हाडांची घनता घटते, त्यामुळे दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या स्त्रीला ते सहसा सुचवत नाहीत. शिवाय ते थांबवल्यावर प्रजननक्षमता उशिरा परतते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी १० महिने लागतात. आजार शांत असलेल्या ठरावीक काळातच दुसरे मूल होऊ द्यायचे असेल, तर हा उशीर महागात पडतो.

ज्या जोडप्याला आणखी मूल नको आहे, तिथे शस्त्रक्रिया बहुतेक वेळा आईवरच होते, जरी भूल आणि पोटावरची शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद तिच्यातच सर्वांत कमी असली तरी. पुरुष नसबंदी स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होते, तिच्या अपयशाचे प्रमाण स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी आहे, आणि तिचा परिणाम पूर्ण झाल्याची खात्री सुमारे ३ महिन्यांनी वीर्य तपासून करून घेता येते. तोपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते, आणि निर्णय कायमचा समजूनच घ्यावा लागतो.

या सगळ्याची चर्चा बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्याच्या भेटीवर ढकलली जाते, पण तोपर्यंत २१ वा दिवस उलटून गेलेला असतो. तांबी वार पडल्यानंतर लगेच किंवा ४८ तासांच्या आत बसवता येते. अशा वेळी ती निसटून येण्याची शक्यता अधिक असते, पण आजारी आईची एक फेरी वाचते. ४८ तास उलटले तर मात्र ४ आठवडे थांबावे लागते. हा पर्याय हातात राहावा यासाठी बोलणे गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच व्हायला हवे, आणि तेही प्रसूतितज्ज्ञ व आजाराचे तज्ज्ञ या दोघांशी. पहिल्यांना औषधांची संपूर्ण यादी दाखवावी, आणि दुसऱ्यांना विचारावे की यातले कोणते औषध पुढच्या गर्भाला चालणार नाही आणि ते किती आधी बदलावे लागेल.