स्वाधीन-पराधीन विवेक : स्टोइक व बौद्ध

आपल्या हाती असलेल्या व नसलेल्या गोष्टी वेगळ्या ओळखून पहिल्यांवरच प्रयत्न एकवटण्याची शिकवण. स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान-पंथात ती सूत्ररूपाने मांडलेली आढळते. बौद्ध परंपरेत तिला स्वतंत्र नाव नाही.

एपिक्टीटस (सु. 50–सु. 135) हा स्टोइक तत्त्वज्ञ मूळचा गुलाम. रोममधून तत्त्वज्ञांची हकालपट्टी झाल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे पाठशाळा चालवली. त्याची प्रवचने शिष्य एरियन याने टिपून ठेवली व त्यांवरून एन्कायरिडिऑन ही पुस्तिका सिद्ध केली. मत, प्रेरणा, इच्छा व तिटकारा आपल्या हातचे. शरीर, मालमत्ता, लौकिक व अधिकारपद नव्हे, असा भेद तिच्या आरंभीच केला आहे.

‘एफ् हेमिन’ (आपल्यावर अवलंबून असलेले) हा शब्दप्रयोग मात्र एपिक्टीटसच्या आधीचा आहे. करणे व न करणे दोन्ही शक्य असलेल्या कृतींसाठी ॲरिस्टॉटलने तो वापरला. आरंभीचा स्टोइक तत्त्वज्ञ क्रायसिपस (इ. स. पू. सु. 280–सु. 207) सर्व घटना दैवाधीन मानी, तरीही कृतीची जबाबदारी माणसाचीच, हे त्याने दंडगोलाच्या उपमेने सांगितले. धक्का बाहेरचा असला, तरी दंडगोल घरंगळतो तो स्वतःच्या आकारामुळे. त्याचे ग्रंथ लुप्त असून हा दाखला सिसरो व गेलियस या रोमन लेखकांकडून मिळतो. त्यामुळे सदर संज्ञा त्याने नेमक्या कोणत्या अर्थाने योजली, याविषयी मतभेद आहेत. अभ्यासक सुझान बोबत्सिन (1998) यांच्या मते एपिक्टीटसचा अर्थ वेगळा व अधिक संकुचित आहे : बाहेरचे काहीही ज्यात अडथळा आणू शकत नाही, तेवढेच आपले. प्रवचनांतील उदाहरणे पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘नियंत्रण’ हा अलीकडे रूढ झालेला प्रतिशब्द त्यामुळे थोडा फसवा आहे. सिसरोने दिलेल्या दृष्टान्तातील धनुर्धर नेम धरण्यात कसूर करीत नाही. लक्ष्यवेध हे मात्र त्याचे अंतिम साध्य नव्हे, कारण तो सर्वस्वी त्याच्या हाती नसतो.

बौद्ध विचारात हीच सीमारेषा आणखी आत सरकते. अनत्तलक्खणसुत्त या बुद्धाच्या प्रवचनानुसार रूप (शरीर) आत्मा असते, तर ‘माझे रूप असे असो’ असे म्हणता आले असते. तसे म्हणता येत नाही. हाच युक्तिवाद वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी) व विज्ञान (बोध) यांनाही लावला आहे. म्हणजे एपिक्टीटस ज्याला हक्काचा गड मानतो, ते मनही येथे स्वाधीन ठरत नाही. तरी अंगुत्तरनिकाय या पाली सुत्तसंग्रहात चेतनेलाच (हेतूलाच) कर्म म्हटले आहे, आणि माणूस स्वतः काहीच करीत नाही हे मत बुद्ध नाकारतो. हा विरोध प्रतीत्यसमुत्पादाने (सर्व काही कारणांवर अवलंबून उद्भवते, या तत्त्वाने) सुटतो : मनावर हुकूम चालत नाही, पण ज्या कारणांनी ते घडते त्यांची जोपासना करता येते. सल्लसुत्त या प्रवचनाच्या दृष्टान्तातील दोन बाणांपैकी शारीरिक वेदनेचा पहिला बाण टळत नाही. शोक-आक्रोशाचा दुसरा टाळता येतो. एपिक्टीटसच्या सर्वांत जवळचे वचन बरेच नंतरचे, बौद्ध आचार्य शांतिदेवाचे (सु. आठवे शतक) आहे : उपाय असेल तर खिन्नता कशाला, आणि नसेल तरी कशाला?

दोन्ही परंपरांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाल्याचा पुरावा नाही. अलेक्झांडरबरोबर भारतात आलेल्या ग्रीक तत्त्वज्ञ पिऱ्होचा दाखला दिला जातो, पण तो संशयवादी होता, स्टोइक नव्हे. कंदाहारच्या ग्रीक शिलालेखात अशोकाच्या ‘धम्मा’साठी ‘युसेबिया’ (धर्मनिष्ठा) हा शब्द योजला आहे; तो भाषिक संपर्काची साक्ष देतो, त्यापलीकडे नाही.