मॅक्सी का टॅक्सी? पोर्ट ऑफ स्पेनमध्ये हात कुणाला करायचा

त्रिनिदादच्या राजधानीत, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, टॅक्सी म्हणून जी गाडी समोर येऊन थांबते ती आपल्या डोक्यातली टॅक्सी नसते. तुम्ही मागं बसता, हॉटेलचं नाव सांगता, गाडी निघते आणि पुढच्या कोपऱ्यावर एक बाई आत येऊन बसतात, मग शाळेचा युनिफॉर्म घातलेला एक पोरगा, मग पुढच्या सीटवर एक आजोबा, आणि सगळे आपापल्या कोपऱ्यावर पैसे देऊन उतरत जातात. मुंबईच्या काळी-पिवळीची सवय असलेल्या माणसाला वाटतं की ड्रायव्हर आपल्याला फसवतोय. फसवत वगैरे काही नसतो. ते आपलं साताऱ्या-सांगलीकडचं वडाप आहे, फक्त जीपच्या जागी सेडान कार आणि डॅशबोर्डवर रेडिओ. आणि या वडापचे दोन प्रकार आहेत, एक मॅक्सी आणि एक टॅक्सी, नावं सारखीच वाटतात, दोन्हीत माणसं वाटून बसतात, दोन्हीचा रूट ठरलेला, भाडं ठरलेलं, दोन्हीची नंबरप्लेट एच अक्षरानं सुरू होते. तरी एकाच्या सवयी दुसऱ्याला लावल्या की घोळ होतो.

आधी मॅक्सी, कारण ती ओळखायला सोपी. मॅक्सी म्हणजे व्हॅन किंवा छोटी बस, लहान असेल तर डझनभर माणसं, मोठी असेल तर पंचवीसच्या आसपास. अंग पांढरं आणि बाजूनं एक रंगीत पट्टा, आणि सगळी मेख त्या पट्ट्यात आहे, कारण पट्ट्याचा रंग म्हणजे इलाखा. पिवळा पट्टा पोर्ट ऑफ स्पेन आणि त्याच्या पश्चिमेकडचा भाग, म्हणजे सेंट जेम्स, डिएगो मार्टिन, कॅरनाज वगैरे. लाल पट्टा पूर्वेकडं, क्युरेप, टुनापुना, अरिमा. हिरवा पट्टा खाली दक्षिणेला, चग्वानास आणि सॅन फर्नांडो. काळा पट्टा प्रिन्सेस टाऊनकडं, तपकिरी सॅन फर्नांडोच्या पुढं नैऋत्येला, आणि निळा तर समुद्रापलीकडं टोबॅगो बेटावर, तो तुम्हाला इथं दिसायचाच नाही. शहरात नवीन असलेल्या माणसासाठी यापेक्षा सोपी सिस्टीम मी तरी कुठं बघितली नाही. वाचता येत नसलं तरी चालतं, रंग बघायचा आणि चढायचं. अर्थात रंगानं फक्त इलाखा कळतो, नेमकं कुठपर्यंत जाणार ते विचारावंच लागतं, कारण लाल पट्टेवाली एखादी गाडी टुनापुनालाच संपते आणि तुम्हाला जायचं असतं अरिमाला.

मॅक्सीचं माहेरघर म्हणजे साऊथ क्वे या रस्त्यावरचा सिटी गेट नावाचा बस-मॅक्सीचा मोठा अड्डा. ही इमारत मूळची रेल्वे स्टेशन. हो, त्रिनिदादमध्ये रेल्वे होती, १८७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा लाईन सुरू झाली आणि १९६८ मध्ये रेल्वेच बंद करून टाकली. पण रुळांची जागा त्यांनी वाया घालवली नाही, अरिमाकडच्या त्या जुन्या लाईनवर रस्ता केला, त्याला प्रायॉरिटी बस रूट म्हणतात, तिथं सरकारी बस आणि पूर्वेकडच्या मॅक्सी चालतात, खाजगी गाडीला खास परवाना असल्याशिवाय बंदी. संध्याकाळी साडेचारला शेजारच्या हायवेवर एसी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत असते आणि लाल पट्ट्याची मॅक्सी बाजूच्या रस्त्यावरनं सुसाट निघून जाते. म्हणून पूर्वेकडं जायचं असेल तर पैसे कितीही असू देत, गर्दीच्या वेळी मी मॅक्सीच सांगेन. आपल्याकडं पुण्यात बीआरटीचं, म्हणजे बससाठी राखीव ठेवलेल्या मार्गाचं, काय झालं ते बघता मला या रस्त्याचं जरा जास्तच कौतुक आहे हे मान्य.

आता टॅक्सी. तिला रूट टॅक्सी म्हणतात, आणि खरा पेपर इथं अवघड जातो. साधी सेडान कार, कुठलाही रंग, पट्टा नाही, वर दिवा नाही, काचेवर बोर्ड बहुतेक वेळा नाहीच. ओळखायची एकच खूण, नंबरप्लेटवरचं पहिलं अक्षर एच. पी असेल तर खाजगी, टी असेल तर मालवाहतूक, आर असेल तर भाड्यानं घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी. पण एचवरनं एवढंच कळतं की ही टॅक्सी आहे, ती मरावलला जाणारी का सेंट ॲन्सला जाणारी हे गाडीकडं बघून कळायचं नाही, ते कळतं ती कुठं उभी आहे त्यावरनं. डाऊनटाऊनमध्ये वुडफर्ड स्क्वेअरच्या आजूबाजूला, शार्लट स्ट्रीटच्या बाजारपेठेच्या भागात अशा गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर प्रत्येक रूटचा आपला स्टँड असतो, या कोपऱ्यावर या गावची, त्या कोपऱ्यावर त्या गावची. स्टँड सगळ्यांना पाठ, लिहिलेलं मात्र असेलच असं नाही. सरळ जवळच्या नारळवाल्याला नाहीतर दुकानातल्या बाईला विचारायचं, गुड मॉर्निंग म्हणून विचारायचं, ते फार महत्त्वाचं आहे, पुढं सांगतो.

चार माणसं भरली की गाडी निघते. वाटेत कुणी उतरलं तर त्या जागी दुसरा घेतात, त्यामुळं रस्त्यातनं पकडायची असेल तर येणाऱ्या गाडीला हात करायचा, आणि नुसता हात नाही, पुढच्या मोठ्या चौकातनं ज्या बाजूला जायचंय तिकडं बोट दाखवायचं. ड्रायव्हरला ते लांबनंच समजतं, आपल्याकडची नसेल तर तो न थांबता पुढं जातो, असेल तर हॉर्न मारतो. तो हॉर्न म्हणजे जागा आहे, येतोस का, एवढाच अर्थ, शिवी नव्हे. पहिले काही दिवस मला सारखं कुणीतरी आपल्यावर वैतागलंय असं वाटायचं.

नवख्या माणसाला महाग पडतं ते असं. रिकाम्या गाडीत बसून तुम्ही हॉटेलचं नाव आणि पत्ता सांगितलात तर ड्रायव्हर काय समजणार? की याला पूर्ण गाडी हवी आहे. मग ती रूट टॅक्सी राहत नाही, तुमची खाजगी सवारी होते आणि भाडं त्या हिशोबानं, ते कितीतरी पट. यात ड्रायव्हरची चूक काढता येत नाही. त्यामुळं पत्ता सांगायचाच नाही, रूटचं नाव घ्यायचं. "मरावल?" एवढंच विचारायचं, मान हलली की बसायचं. हॉटेल रूटपासून जरासं आत असेल तर उतरायच्या आधी विचारायचं की थोडं आत सोडणार का, वरचे थोडे पैसे घेऊन बरेच जण सोडतात. मॅक्सीवाल्याकडनं मात्र ही अपेक्षा ठेवू नका, मागं वीस माणसं बसलेली असताना तो तुमच्यासाठी गल्लीत का शिरेल.

भाडं दोन्हीचं किरकोळ. शहरातल्या जवळच्या फेरीला मोजके टीटी डॉलर (त्रिनिदाद-टोबॅगोचं चलन) लागतात, एक टीटी डॉलर म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये धरा. नेमका आकडा सांगत नाही कारण तो वाढत राहतो, शेजारी बसलेल्याला विचारा, तो ड्रायव्हरच्या आधी उत्तर देतो. सुट्टे पाहिजेत, सकाळी सकाळी शंभराची निळी नोट पुढं केलीत तर ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा होतो. (या शंभराच्या नोटेची पण एक नोटबंदी होऊन गेली आहे, डिसेंबर २०१९ मध्ये जुनी कागदी नोट महिन्याभरात रद्द करून प्लॅस्टिकची आणली, बँकांसमोर रांगा वगैरे सगळं आपल्यासारखंच.)

आत बसल्यावरची रीत दोन्हीकडं जवळपास एकच, आणि शहराचा स्वभाव कळतो तो इथं. चढताना सगळ्या गाडीला मिळून गुड मॉर्निंग म्हणायचं. ओळख नसली तरी. न बोलता बसणारा माणूस उद्धट समजला जातो, आणि आपण लोक बसमध्ये शिरताना कुणाशी बोलत नाही त्यामुळं आपल्यावर हा शिक्का पटकन बसतो. अंधार पडल्यावर तेच लोक चढताना गुड नाईट म्हणतात, निरोपाचं नाही, नमस्काराचं. उतरायचं असेल तर मॅक्सीत बहुतेक ठिकाणी वर किंवा खिडकीपाशी बटण असतं, ते दाबायचं. टॅक्सीत तोंडानं सांगावं लागतं, आणि लोक ड्रायव्हरला नुसतं "ड्राइव्ह" म्हणतात, म्हणजे "नेक्स्ट कॉर्नर, ड्राइव्ह" असं. मोठ्या मॅक्सीत दाराजवळच्या घडीच्या सीटवर बसलात तर प्रत्येक थांब्याला उठून जागा द्यायची तयारी ठेवा. गप्पा मात्र टॅक्सीतच रंगतात. पाच माणसं, रेडिओवर कुणीतरी फोन करून सरकारला शिव्या घालतंय, आणि गाडीतले निम्मे त्याच्या बाजूचे, निम्मे विरोधात. मॅक्सीत गाणी असतात, डिसेंबरात परांग, म्हणजे इथली नाताळची लोकगीतं, आणि जानेवारीपासनं कार्निव्हल होईपर्यंत सोका, म्हणजे कार्निव्हलचं नाचायचं संगीत.

कुठली कशासाठी घ्यायची, तर माझं मत सरळ आहे, शहराबाहेर जायचं तर मॅक्सी, शहरात फिरायचं तर टॅक्सी. सेंट जेम्सला मुद्दाम टॅक्सीनं जा. वाटेत ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल लागतं, तेच मैदान जिथं १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमनं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा टेस्टमध्ये हरवलं, सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण त्याच मॅचमध्ये. ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा असेल तर गावसकर हे नाव उच्चारून बघा, मग उतरायचा कोपरा तुम्हालाच लक्षात ठेवावा लागेल. पुढं सेंट जेम्समध्ये शिरलं की गल्ल्यांच्या पाट्या येतात, कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. इथं ऊसाचा मळा होता आणि १८४५ पासून करारावर आणलेले मजूर त्यात राबले. ते बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातनं आलेले, बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे, त्यामुळं इथल्या भारतीय घरांत मराठी आडनाव शोधत बसू नका.

मरावलची गाडी क्वीन्स पार्क सवानाकडनं जाते, आणि हे भलंमोठं मैदान म्हणजे एक वन-वे चक्कर आहे, गाड्या घड्याळाच्या काट्यासारख्या एकाच दिशेनं फिरतात. म्हणून तुम्हाला पश्चिमेच्या बाजूनं खाली डाऊनटाऊनला यायचं असेल तर तिथंच हात करून उभं राहण्यात अर्थ नाही, तिथल्या गाड्या वर चालल्यात, पूर्वेच्या बाजूला जावं लागतं. चालत मैदान ओलांडलं की झालं, कडेला नारळपाणी मिळतं.

एक तिसरा प्रकार पण आहे जो या दोघांच्या मध्ये घुसतो, त्याला पीएच म्हणतात. नंबरप्लेट पी, म्हणजे खाजगी, पण धंदा टॅक्सीचा. बेकायदेशीर आहे, सगळ्यांना माहिती आहे, आणि जिथं एचवाल्या गाड्या कमी जातात तिथं लोक बिनधास्त त्यातनंच फिरतात. अपघात झाला तर विमा हात वर करणार, आणि ड्रायव्हर कोण आहे याची कुठंच नोंद नसते, त्यामुळं पाहुण्यानं यात पडू नये. स्थानिक माणूस बरोबर असेल आणि तो ड्रायव्हरला नावानं ओळखत असेल तर गोष्ट वेगळी.

रात्री दोन्ही कमी होतात, रविवारी तर दिवसासुद्धा. कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी डाऊनटाऊनचे रस्तेच बंद, स्टँड कुठं सरकले ते त्या दिवशी विचारूनच कळतं. आणि सिटी गेटवरनं सरकारी बस घ्यायची ठरवलीत तर तिकीट आधी खिडकीवर काढा, चढून ड्रायव्हरला पैसे दिलेले तिथं चालत नाहीत.