झाड जिवंत हाय का? पोरांच्या उत्तरामागची गोष्ट

दिवे लागल्यावर कढीपत्ता तोडायला गेलं की आज्जी ओरडायची, "झोपलंय झाड, हात लावू नको." त्यामुळं झाडाला जीव असतो हे मला शाळेच्या आधीच माहीत होतं, आणि पोरांना सजीव-निर्जीव कसं कळतं यावरचा जुना अभ्यास वाचताना मला सारखी तीच आठवण येते.

सुरुवात स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेपासून. १९२६ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की लहान पोरं हलतं ते जिवंत समजतात, म्हणजे सूर्य, वारा, सायकलसुद्धा. मग १९८५ ला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन केरी म्हणाल्या की साधारण दहा वर्षांपर्यंत पोरं प्राण्यांना माणसावरूनच समजून घेतात, माणसाबद्दल काही नवीन सांगितलं तर ते कुत्र्याला लावतात पण कुत्र्याचं माणसाला लावत नाहीत. पण ही पोरं अमेरिकेतली, शहरातली, आणि तेच सगळ्या जगाचं माप धरलं गेलं, मला तरी इथंच चूक वाटते.

जपानात इनागाकींनी १९९० ला दाखवलं की घरी गोल्डफिश पाळणारी पाच वर्षांची पोरं बेडकाबद्दल विचारलं तर माशावरून अंदाज बांधतात. १९९३ ला हातानो आणि मंडळींनी इस्राएल, जपान, अमेरिकेतली पोरं ताडून बघितली, तर झाडं जिवंत म्हणण्यात इस्राएलची पोरं मागं. एक कारण भाषेचं दिलं गेलं, हिब्रूत प्राणी आणि जिवंत हे शब्द जवळचे, झाडाचा शब्द लांबचा. आज्जीचं ओरडणं किती मोलाचं होतं ते इथं कळतं बघा!

२००३ ला रॉस, मेडिन वगैरे संशोधकांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली मेनोमिनी आदिवासी पोरं घेतली. माणूस मधोमध ठेवायची सवय शहरी पोरांत दिसली, मेनोमिनी पोरं मात्र लहानपणापासूनच कोण कुणावर जगतं ते बघून बोलायची, म्हणजे मधमाशीच्या अंगात काही असलं तर ते अस्वलातही असेल, कारण अस्वल मध खातं.

आपल्याकडं कोल्हापूरच्या गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध देतात तिथं एकदा गवळ्याच्या सहा-सात वर्षांच्या पोरीला विचारलं, म्हशीला कळतं का गं? ती रेडकाला पुढं ओढत म्हणाली, "ह्याला हुंगल्याबिगर ती पान्हाच सोडत न्हाई." शेजारी बरणी घेऊन उभं असलेलं फ्लॅटमधलं तिच्याच वयाचं पोरगं पान्हा म्हणजे काय विचारत होतं, तर तिनं त्याचा हात धरून म्हशीच्या कासेला लावला.